हात लागला होता, आप्पा

आप्पा, हात लागायच्या आधीच तुम्ही मैदान सोडलंत. रविवारी सांगलीत तुमच्या पोरी आणि माझ्या पोरी समोरासमोर उभ्या राहणार होत्या. त्या एका सामन्यासाठी मी इतकी वर्षं राबले, आणि तुम्ही मंगळवारी संध्याकाळी खुशाल उठून गेलात. खो-खोत याला काय म्हणतात ते तुम्हीच मला शिकवलंय. कुणी शिवलेलं नसलं तरी रेषेबाहेर गेलेला गडी बाद. तेव्हा तुम्ही बाद झालात. पण मला तुम्हाला असं बाद करायचं नव्हतं. मला तुम्ही समोर हवे होता, डोळे उघडे ठेवून.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असा रिवाज आहे. गुरुवारी तुमच्या शोकसभेत तो सगळ्यांनी पाळला. मी नाही पाळला, आणि इथेही पाळणार नाही. तुम्हाला गोड बोलणारी माणसं कधी आवडली नाहीत, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

निरोप आमच्या ह्यांनी आणला, वाईच्या एसटी डेपोतून. सांगलीहून आलेल्या ड्रायव्हरनं सांगितलं म्हणाले. मी शाळेत निघाले होते, हातात चप्पल होती. "खो-खोवाले हवालदार आप्पा गेले," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी रडेन असं त्यांना वाटलं असणार. मी चप्पल भिंतीवर फेकून मारली. सासूबाई आतून धावत आल्या. "अगं, काय झालं?" मी म्हटलं, "फसवलं मला. परत फसवलं." त्यांना काही कळलं नाही. ह्यांना कळलं. ते एवढंच म्हणाले, "जाणार असशील तर दुपारची गाडी आहे."

गाडीत खिडकीशी बसून मी तुमच्याशी भांडत आले, आप्पा. साताऱ्यापासून कऱ्हाडपर्यंत तर इतकी भांडले की शेजारच्या बाईनं मुलाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. ओठ हलत असणार माझे.

तुम्ही आम्हाला काय शिकवलंत ते आधी सांगते, कारण त्याशिवाय तुम्ही काय मोडलंत ते कळायचं नाही. आपल्या मैदानावर शिट्टी नव्हती. बाकीच्या गावांत मास्तर शिट्टी फुंकून फुंकून बेजार व्हायचे. तुम्ही पलटणीतून पेन्शनीत आलात, मैदानाच्या कडेला जो दगडी रूळ होता त्याच्यावर बसलात, आणि खेळाकडे पाठ केलीत. आम्हाला वाटलं म्हाताऱ्याला गंमत सुचलीय. तुम्ही पाठमोरेच बोललात, "पंच काय तुमच्या अंगात बसलाय व्हय? हात लागला का न्हाई ते जिला लागला तिला ठावं. तिनं सांगायचं, 'आप्पा, मी बाद.' मी बघनार न्हाई." सुशीनं पहिल्याच आठवड्यात लपवलं. हात लागलेला असताना पळत राहिली. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "सुशे, तुझ्या पायाचा आवाज बदलला." त्यानंतर कुणाची हिंमत झाली नाही. तुम्हाला खरंच पायांवरून कळायचं की तुम्ही अंदाजानं दगड मारला होता, ते मी आजवर कुणाला विचारलं नाही.

आणि ती अर्ध्या चड्डीची भानगड. साडी कमरेला खोचून पोरी सूर कशा मारणार म्हणून तुम्ही आम्हाला अर्ध्या चड्ड्या शिवल्या, तर गावात आग लागली. पाणवठ्यावर, चावडीवर, जिथं जाईल तिथं आमचे पाय. तुम्ही काय केलंत? पलटणीची जुनी खाकी हाफपँट चढवली आणि भर बाजारच्या दिवशी वांग्याच्या पाटीपासून बैलाच्या बाजारापर्यंत हिंडलात. केसाळ पाय, गुडघ्यावर गोळीचा व्रण. "घ्या, बघून घ्या सगळ्यांनी. मन भरलं की पोरींच्या वाटंला जाऊ नका." लोक हसले, आणि हसता हसता तो विषय संपला. माझे वडील तरी कुठे तयार होते? तुम्ही आमच्या मळ्यात आलात, ते उसाला पाणी देत होते, तर तुम्ही धोतर वर करून त्यांच्याबरोबर पाण्याची दारं मोडत संध्याकाळ केलीत. खो-खोचं नावही काढलं नाहीत. निघताना म्हणालात, "पोरगी पळती तुमची. पळू द्या." वडील मला म्हणाले, "जा बाई, न्हाईतर हा मानूस उद्या खत टाकाय येईल."

दुष्काळाच्या साली मैदानाला शिंपायला पाणी नव्हतं. जमीन अशी तापायची की बसलेल्या पोरींच्या मांड्या भाजायच्या. तुम्ही आम्हाला नदीच्या कोरड्या पात्रात नेलंत, वाळूत पळवलंत. पडायचं कसं ते तिथंच शिकवलंत. घरून गूळ-शेंगदाणे आणायचात आणि आधी हरलेल्या बाजूला द्यायचात. जिंकलेल्यांनी का थांबायचं असं मी विचारलं, तर म्हणालात, "जिकल्याली हाय न्हवं तू? मग भूक कशाची?" हे सगळं मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर माझा राग इतका टिकलाच नसता, साधी अढी राहिली असती मनात.

आता साताऱ्याचं मैदान. तुम्हाला नको असलं तरी ऐका. आता उठून जाता यायचं नाही.

अंतिम सामना, शेवटचा डाव, पळती आपली. गुण बरोबरीत. माझ्या दोघी जोडीदारणी बाद झालेल्या, मी एकटी उरले होते. वेळ संपायला इतका थोडा अवधी होता की पंच घड्याळाकडे बघायला लागला होता. तेवढी कड काढली असती तर बरोबरी राहून आपल्याला जादा डाव मिळाला असता, आणि राज्याच्या संघासाठी निवडणारे लोक समोर मांडवात बसले होते. साताऱ्याच्या पोरीनं खुंटावर सूर मारला. मी हूल देऊन वळले. आणि माझ्या वेणीच्या टोकाला, रिबिनीच्या जरा वर, हिसका बसला. केसांच्या मुळापर्यंत जाणवला मला. ती पोरगी तोंडावर पडली होती, तिला स्वतःलाही कळलं नाही. पंच घड्याळात बघत होता. सगळ्या मैदानात एका मला ठाऊक होतं, आणि दुसरं तुम्हाला. कारण त्या दिवशी तुम्ही पाठ करून बसला नव्हता, आप्पा. संघाचा माणूस म्हणून रेषेशी उभे होता, तोंड माझ्याकडे. मी हात वर केला, चालत रेषेबाहेर आले, आणि तुमच्याकडे बघितलं. तुमची नजर माझ्या वेणीवर होती. मग ती खाली गेली.

पंचानं त्या पोरीला विचारलं, "लागला का?" ती म्हणाली, "ठाऊक नाही." त्यानं खांदे उडवले आणि पुकारलं, धावणारी मैदानाबाहेर गेली म्हणून बाद. एका गुणानं आपण हरलो. मला तेव्हा वाईट वाटलं, लाज नाही वाटली. मला वाटत होतं, गाडीत तुम्ही मला आधी शेंगदाणे द्याल. गाडीत तुम्ही ड्रायव्हरशेजारी बसलात आणि सगळी वाट पुढं बघत राहिलात.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब मैदानावर आले. गावच्या मंडळाचे अध्यक्ष. मैदानाला लागून त्यांचाच मळा, आणि गळीताच्या दिवसांत उसाच्या गाड्या उभ्या करायला ही जागा त्यांना कधीची हवी होती. सगळा गाव जमला होता. भाऊसाहेब म्हणाले, "आप्पा, मला एक सांगा. हात लागला न्हाई म्हनून पंच सांगतो, पोरगी सोताहून भाईर चालती. ही तुमची शिकवन व्हय? आसलं मुलखायेगळं शिकवायला मंडळानं जागा दिलीया?" मी रुळाजवळ उभी होते. मला वाटलं आता तुम्ही म्हणाल, व्हय, माझीच शिकवण. तुम्ही घसा खाकरलात. "हात लागलाच न्हवता," तुम्ही म्हणालात. "शिकवनीचा काय संबंध? पोरगी भेदरली, आनि मैदान सोडून पळाली."

मी म्हटलं, "आवं आप्पा, वेणीला लागला. तुम्ही बघितलंय."

तुम्ही म्हणालात, "येनी म्हंजे अंग न्हवं." आणि मग माझ्याकडे न बघता, "शालनला जरा इसावा द्या."

तो विसावा संपलाच नाही. पुढच्या संघात माझं नाव नव्हतं, त्याच्या पुढच्याही नाही. मैदान सोडलेली शालन. विहिरीवर, लग्नात, हळदीकुंकवाला. मला बघायला वाईहून पाहुणे आले तेव्हा आमच्याच भावकीतल्या एकानं त्यांना कौतुकानं सांगितलं, "आमची पोरगी लय पळती. मैदानातनं बी पळती." सगळे हसले. मी पोह्यांचं ताट घेऊन उभी होते. ते ताट मी खाली ठेवलं ते केवळ वडिलांच्या तोंडाकडे बघून. पण त्याच दिवशी मनाशी ठरवलं की ह्या म्हाताऱ्याला मी ह्याच खेळात, सगळ्यांच्या देखत हरवीन, आणि मग त्याच्यासमोर उभी राहून विचारीन, लागला होता का नाही? त्याला म्हणावं लागेल, हात लागला होता. एवढं एकच मला हवं होतं. तीन शब्द.

वाईत कन्याशाळेत खेळाच्या बाई म्हणून लागले. पोरी घाटाच्या पायऱ्यांवरून पळवल्या. पहाटे स्नानाला येणारे गुरुजी सोवळं सावरत कडेला व्हायचे आणि माझ्या नावानं पुटपुटायचे. मी पोरींना म्हणायची, चुकवा त्यांना, हात न लावता चुकवाल तर खऱ्या. नदीच्या वाळूत पडायला शिकवलं. गूळ-शेंगदाणे आणले. मला वाटत होतं मी तुमच्याविरुद्ध फौज उभी करतेय. मग एका संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई मैदानावर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही खेळाकडे पाठ करून काय बसलाय?" मी दचकले. माझं मलाच माहीत नव्हतं. मागून माझी पोरगी ओरडली, "बाई, मी बाद!" तुमचा इतका संताप आला मला त्या क्षणी. तुमच्यावर उगारायला माझ्याकडे जे होतं ते सगळं तुमचंच होतं. मी तोंड फिरवून खेळाकडे बघत बसले, आणि दोन दिवसांत पोरी लपवायला लागल्या. पुन्हा पाठ केली.

मधे एकदा आपण भेटलो, आठवतंय? कऱ्हाडच्या स्टँडवर. तुमच्या हातात पिशवी, अंगात तोच खाकी शर्ट. तुम्ही वाळला होता. "बरी हायस?" म्हणालात. मी म्हटलं, बरी आहे. "तुझ्या पोरी चांगल्या पळत्यात म्हनं." मी म्हटलं, "तुमच्यासाठीच पळवतेय." तुम्ही मान हलवलीत, जणू ते तुम्हाला ठाऊकच होतं. मग माझ्या खांद्याकडे बघून विचारलंत, "येनी कापली न्हाईस?"

"का कापू? ती कुठं खोटं बोललीय?"

तुम्ही आपल्या वहाणांकडे बघत राहिलात. सांगली गाडी लागली. तुम्ही चढलात, खिडकीशी बसलात, आणि गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे बघत होता. तेवढ्या वेळात तीन शब्द सहज मावले असते. तोंड उघडलं नाहीत.

यंदा सांगलीच्या सामन्यांत दोन्ही संघ पुढं पुढं येत गेले आणि शेवटी समोरासमोर ठाकले. मला झोप लागेना. पोरींना मी सांगितलं नव्हतं काही, पण त्यांना वास लागला होता. आणि मंगळवारी तुम्ही गेलात.

गुरुवारी सकाळी सावडायला बायका जात नाहीत म्हणून मी मैदानावर गेले. तुमच्या पोरी तिथं होत्या, रुळाभोवती. संघाची प्रमुख सुनंदा पुढं आली. तिला मी कोण ते ठाऊक होतं. तिनंच सांगितलं तुम्ही कसे गेलात ते. रोजच्यासारखे रुळावर पाठ करून बसला होता. डाव चालू होता. ती बाद झाली आणि ओरडली, "आप्पा, मी बाद!" तुम्ही "हं" केलं नाहीत. ती परत ओरडली. मग तिला वाटलं आप्पा रागावले, आपण उशिरा सांगितलं. ती तुमच्या पाठीमागे येऊन रडायला लागली, "आप्पा, लगेच सांगितलं वं मी, लपवलं न्हाई." तुम्ही बसल्या जागी गेला होता. हे सांगताना ती पुन्हा रडली, आणि आप्पा, मीही रडले. तेवढं तुमचं देणं होतं, ते दिलं.

डोळे पुसताना माझं लक्ष पोरींच्या केसांकडे गेलं. सगळ्यांच्या वेण्या वर दुमडून डोक्याला घट्ट बांधलेल्या. एकीचंही टोक लोंबत नव्हतं. मी विचारलं, "हे काय गं? असं कोण बांधतं?"

"आप्पांचा नेम हाय," सुनंदा म्हणाली. "मैदानात येनी लोंबती दिसली की घरी धाडायचे. म्हनायचे, येनी बी अंगच हाय. तिला हात लागला तरी गडी बाद."

"कधीपासून हा नेम?"

"आमी आलो तवापासनं हाय. तुमी गेल्यावर लगेच केला म्हंत्यात."

मी रुळावर बसले. म्हणजे वेणी हे अंग आहे हे तुम्ही एका पोरीला सांगितलंत, दुसरीला सांगितलंत, वर्षामागून वर्षं प्रत्येकीला सांगत राहिलात, आणि जिला सांगायचं होतं तिला विचारत होता, कापली नाहीस का. लोक म्हणतील, बघ, आप्पांनी कबूल केलं. नाही आप्पा. कबुली ज्याचं नुकसान केलं त्याच्या तोंडावर द्यायची असते. तुम्ही तर वेण्याच वर बांधून टाकल्यात, म्हणजे पुन्हा कुणा पोरीच्या वेणीला हात लागायला नको आणि पुन्हा तुमच्यावर तसा प्रसंग यायला नको. तुम्हाला खरं माहीत होतं हे कळल्यावर माझा राग निवला नाही, दुप्पट झाला. तोवर निदान एवढी तरी शंका होती की कदाचित म्हाताऱ्याला दिसलंच नसेल.

संध्याकाळी तिथंच शोकसभा झाली. रुळावर तुमचा पलटणीतला फोटो, त्याला हार. तुम्हाला हसू आलं असतं, फोटोचं तोंड मैदानाकडे ठेवलं होतं. भाऊसाहेब बोलले. शिस्त, त्याग, चारित्र्य, सगळं झालं. "आप्पा जल्मात कवा खोटं बोलले न्हाईत," ते म्हणाले, "आनि त्यांच्या दुखवट्यात आपला संघ रविवारी सांगलीला जानार न्हाई."

मी उभी राहिले. कुणी मला बोलवलं नव्हतं. "एकदा बोलले," मी म्हटलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. भाऊसाहेब म्हणाले, "शालनताई, ही येळ न्हाई. ही जागा न्हाई."

"हीच जागा आहे. ह्याच रुळाशी बोलले, तुमच्यासमोर, तुमच्याच प्रश्नाला. माझ्या वेणीला हात लागला होता आणि आप्पांनी तो बघितला होता. तुम्ही जागा काढून घ्याल म्हणून ते खोटं बोलले. माणूस चांगला होता. त्याच्याकडून जन्मात एकदा खोटं वदवून घेतलं ते तुम्ही, आणि आज त्यालाच हार घालताय. आणि संघ जाणार नाही म्हणता? त्यांनी मैदान सोडलं तेवढं पुरे. पोरींना सोडायला लावू नका."

कुणी तरी "खाली बसा" म्हणालं. कुणी म्हणालं, "मेल्या मानसाची आब्रू काढती." भाऊसाहेबांचं तोंड पडलं ते मी डोळे भरून बघितलं, खोटं कशाला बोलू? गोड लागलं. तेवढ्यात सुनंदा उठली. "आमी जानार रविवारी," ती म्हणाली. "आनि बाई, आमी तुमाला हरवनार." मला तिला तिथंच मिठी मारावीशी वाटली, पण मी म्हटलं, "ये. बघू."

तुमच्या घरी मामी पांढऱ्या कपाळानं भिंतीला टेकून बसल्या होत्या. सभेत काय झालं ते माझ्या आधी त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मी पाया पडायला वाकले आणि म्हटलं, मामी, रागावलात का? त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"कशाला रागावू? मी रोज इचारायची त्यास्नी, पोरीला सांगून आला का? म्हनायचे, जातो उद्या वाईला. पिशवी बी भरायचे. स्टँडवर जाऊन परत यायचे." मग म्हणाल्या, "मैदान ऱ्हायलं म्हनून खूश हुते. पर तुजं नाव घेतलं की जेवायचे न्हाईत. मी म्हनलं, नका जेवू. मी न्हाई त्यास्नी माफ केलं. तू कशाला करतीस?"

तुमच्यावर जन्मभर जीव टाकलेल्या बाईचे हे शब्द, आप्पा. ते ऐकून मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं की हा राग माझ्या एकटीचाच आहे, आणि म्हणून कदाचित माझंच डोकं फिरलंय.

परत येताना गाडीत मी भांडले नाही, विचार करत बसले. तुम्ही हिशोब काय केला असेल ते मला कळतं. खरं बोललात तर मैदान जाणार, उसाच्या गाड्या लागणार, आणि चाळीस पोरी पुन्हा चुलीशी. खोटं बोललात तर एका शालनचं नाव जाणार. मीही आज पोरी शिकवते, मलाही शाळेत असे प्रसंग येतात. तुमच्या जागी मी काय केलं असतं ते शपथेवर सांगता यायचं नाही. पण एक सांगते. तुम्ही त्या गाडीत ड्रायव्हरशेजारून उठून माझ्याकडे आला असता, आणि म्हणाला असता, "पोरी, मैदानासाठी तुझं नाव दे," तर मी दिलं असतं. हसत दिलं असतं. भेदरट म्हणून मिरवले असते गावभर. तुम्ही मागितलं नाहीत, न विचारता घेतलंत. माझा तंटा एवढाच आहे, आणि तो तुम्ही गेलात म्हणून मिटत नाही.

आता रविवारचं ऐका. काल माझ्या पोरींना मी मैदानावर उभं केलं आणि सगळ्यांना लांब वेण्या घालायला लावल्या. टोकाला लाल रिबिनी. एकजण म्हणाली, "बाई, आप्पांच्या पोरी वर बांधतात. आपण सोडल्या तर त्यांच्या हाताला लागतील ना?" मी म्हटलं, लागू देत. तुम्ही तुमच्या पोरींच्या वेण्या लपवल्यात. माझ्या पोरींच्या सगळ्यांना दिसतील अशा हलतील. सुनंदाला म्हणावं, धर. पंच घड्याळात बघत असो की आभाळात, ज्या पोरीच्या केसाला बोट लागेल ती हात वर करून आपल्या पायांनी रेषेबाहेर येईल. आणि पंच काहीही पुकारो, भाऊसाहेब मांडवात बसलेले असोत, मी त्या रेषेशी उभी असेन. मान खाली घालणार नाही, दुसरीकडे बघणार नाही. तिच्या पाठीवर हात ठेवीन, तिला शेंगदाणे देईन, आणि मांडवाच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगेन, "हात लागला होता."

प्रत्येक पोरीमागे सांगेन, आप्पा. तुम्ही जिथं असाल तिथं पाठ करून बसला असाल, ते मला ठाऊक आहे. बसा. ऐकू येईलच तुम्हाला.